तिखटाची चढती भाजणी

मला तिखट सोसत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या गच्चीवर कुणी पहिल्यांदा आलं की त्याची समजूत होते, हा माणूस सकाळचा चहासुद्धा मिरची घालून पीत असणार. अठ्ठेचाळीस कुंड्या आणि त्यांत एकोणीस जातींच्या मिरच्या. जगातल्या सगळ्यात जहाल म्हणून ज्यांची नावं घेतात, त्यातल्या बऱ्याच आमच्याकडे नांदल्या. त्यातली एकही मी अख्खी खाल्लेली नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्याकडे फोडणीत मिरची घालतात ती जेवताना वेचून पानाच्या कडेला ठेवायला.

बायको सोलापूरची. तिच्या माहेरी जेवताना नाक पुसायला खांद्यावर पंचा घेऊन बसतात, असं मी लग्नानंतर पहिली दहा वर्षं सगळ्यांना सांगत असे आणि ती दर वेळी चिडत असे. माझ्यापुरती आमटी आधी वेगळी काढायची आणि उरलेल्या आमटीत तिनं स्वतःला हवं ते घालायचं, असा आमच्या संसारातला तह होता. तो एकतीस वर्षं कुणी मोडला नाही.

रेल्वेतल्या नोकरीमुळे आम्ही लखनौला आलो ते तीन वर्षांसाठी. त्याला आता बावीस वर्षं झाली. विकासनगरात घर बांधलं. मुलगी इथेच शिकली, मराठी सगळं समजून घेऊन उत्तर मात्र हिंदीत देत देत मोठी झाली आणि नोकरीला बंगळूरला गेली. मराठी माणसांची चाळीसेक घरं इथे एकमेकांना धरून आहेत. कुणी संशोधन संस्थेत, कुणी विद्यापीठात, कुणी माझ्यासारखे रेल्वेत इंजिनिअर. या सगळ्या घरांत माझी ओळख ‘त्यांचे मिस्टर’ एवढीच, कारण गणपतीपासून होळीपर्यंत सगळ्या जेवणांचा आचारी, मुकादम आणि न्यायाधीश माझी बायको. कुणाचा पदार्थ बिघडला की तिला फोन यायचा आणि ती पलीकडचं ऐकून घेऊन सांगायची, “रवा कमी भाजलात.” हे तिला फोनवरून कसं कळायचं, ते मला कधी कळलं नाही.

मग ज्या वर्षी तो ताप साऱ्या जगाच्या घरोघरी फिरला, त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्याही घरी आला. मी चार दिवसांत उठलो. ती बारा दिवसांनी उठली, मी केलेला चहा घेतला आणि म्हणाली, “आलं घातलं नाहीत का?”

घातलं होतं. भरपूर. तिनं कपात नाक घातलं. मग आल्याचा तुकडा हुंगला, मग लसूण, मग हिंगाची डबी उघडून तिच्यात जवळजवळ तोंडच बुडवलं. आमच्याकडे हिंगाची डबी उघडली की शेजारच्या घरात कळतं. तिला काही कळलं नाही. वासही गेला होता आणि चवही.

गोमतीनगरचे नाक-कान-घशाचे डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले, “आ जाएगा मैडम, दो-तीन महीने में आ जाएगा।” तीन महिन्यांनी म्हणाले, “किसी-किसी का टाइम लेता है।” सहा महिन्यांनी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “देखिए, कुछ कह नहीं सकते।” मी तिथेच भडकलो. गाडी रद्द झाली आहे हे प्रवाशांना टप्प्याटप्प्यानं कसं सांगायचं, हे रेल्वेतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. बायकोनं माझा हात धरून मला बाहेर आणलं.

स्वयंपाक ती करतच होती. हाताला सगळं ठाऊक होतं, त्यामुळे आम्हाला फरक जाणवत नव्हता. पण जेवायला बसली की कर्तव्य म्हणून चार घास ढकलायची. अंगावरचे कपडे ढगळ झाले. एकदा पोळ्या लाटता लाटता, गॅस संपलाय असं सांगावं तशा सुरात ती म्हणाली, “माझी जीभ मेली हो.” मी गच्चीवर जाऊन रिकाम्या टाकीकडे बघत उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

डिसेंबरात आमच्या ऑफिसात एक सहकारी गुवाहाटीहून बदली होऊन आला. त्यानं लोणच्याची एक बुटकी बाटली दिली, भूत जोलोकिया या आसामी मिरचीची. देताना बजावलं, “सर, सुई की नोक से लीजिएगा।” मी बाटली ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेलो. परत येतो तर बायको स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली, डोळे वाहताहेत, नाक वाहतंय, चेहरा लालबुंद. समोर अर्धी भाकरी आणि त्यावर चमचाभर लोणचं. मी दुधाचा पेला घेऊन धावलो. तिनं तो हातानं बाजूला सारला.

“अहो, लागलं! काहीतरी लागलं!”

ती हसत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा. “थांबा, इतक्यात दूध नको,” ती म्हणाली. “जरा राहू दे. तोंड आहे असं वाटतंय.”

मी फोनवरून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं की तिखट ही चवच नव्हे, ती वेदना. तिचा रस्ता वेगळा असतो, म्हणून ती पोचते. ही मौल्यवान माहिती मी बायकोला दिली. ती म्हणाली, “तुम्हाला तिखटातलं काही कळत नाही हे मी एकतीस वर्षं सांगतेय. आता डॉक्टरांकडून शिकून मलाच शिकवा.”

संक्रांतीपर्यंत बाटली संपली. हे मी सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

मग मी ठरवलं की हे बाहेरून मागवत बसायचं नाही, पिकवायचं. आणि एकदा ठरवलं की मी इंजिनिअरच्या जातीला शोभेल अशा अतिरेकानं वागतो. जहाल मिरच्या लावणाऱ्यांचा फोनवर एक मोठा गट असतो हे मला तेव्हा कळलं. केरळपासून नागालँडपर्यंतची सज्जन माणसं, निवृत्त शिक्षक, दंतवैद्य, एक पुजारीसुद्धा, पाकिटात बिया घालून एकमेकांना पाठवतात आणि वर “जपून” असं लिहितात. मीही मागवल्या. जोलोकिया, स्कॉर्पियन, रीपर, सेव्हन पॉट, चॉकलेटी हाबानेरो. बायकोनं यादी वाचली आणि विचारलं, “ही मिरच्यांची नावं आहेत की फरार गुन्हेगारांची?”

या बियांना रुजायला ऊब लागते, आणि लखनौचा फेब्रुवारी काही कुणाला ऊब देत नाही. मी बिया ओल्या कागदात गुंडाळल्या, स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि डबा इन्व्हर्टरवर चढवला. पी हळद नि हो गोरी हा कारभार इथे चालत नाही. दहा दिवस झाले, पंधरा झाले, काही नाही. मी रोज सकाळी डबा उघडायचो आणि शिव्या घालून बंद करायचो. अठराव्या दिवशी मी उठायच्या आधीच ती डबा उघडून, चष्मा लावून बसली होती. “आलाय बघा एक,” ती म्हणाली. पांढऱ्या धाग्याएवढा कोंब होता. कितीतरी महिन्यांनी ती कशासाठी तरी माझ्याआधी उठली होती, आणि मला त्या कोंबापेक्षा त्याचाच आनंद झाला.

मार्चमध्ये मी अमीनाबादेत जाऊन हिरवी जाळी, रबरी हातमोजे आणि पोहण्याचा चष्मा आणला. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, “इस उम्र में स्विमिंग सीखेंगे, अंकल?” मी म्हणालो, “नहीं, मिर्च काटेंगे।” त्यानं पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ई-रिक्षात मांडीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांची चळत घेऊन मी घरी आलो. कुंड्या दोन रांगांत लावल्या. एक अप लाईन, एक डाऊन लाईन. प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगानं नंबर. मुलीनं व्हिडिओवर पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, मम्मी बीमार है और आप यार्ड बना रहे हो।” तिला तिखटाचा वारसा आईकडून मिळाला आहे, जिभेचाही आणि बोलण्याचाही.

दारावर येणारा भाजीवाला मात्र बधला नाही. त्याच्याकडून काहीही घ्या, वर मूठभर कोथिंबीर आणि मिरच्या फुकट. मी त्याला सांगितलं, “भैया, हमारी छत पर अड़तालीस पेड़ हैं।” तो म्हणाला, “होंगे साहब, पर मिर्च रख लीजिए, मिर्च को भी कोई मना करता है?” अठ्ठेचाळीस झाडांचा मालक रोज फुकटच्या मिरच्या पिशवीत घेऊन घरात शिरत होता.

मे महिन्यात लू सुटली आणि फुलं गळायला लागली. मी जाळी बांधली, दोन वेळा पाणी, आणि पहाटे उठून रंगाच्या बारीक ब्रशानं एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलात. शेजारच्या गच्चीवर वकीलसाहेब सकाळी फिरतात. निवृत्त वकील, जुन्या लखनौचे, आवाज इतका मऊ की त्यांनी खटले कसे जिंकले असतील असा मला प्रश्न पडतो. त्यांनी तीन दिवस नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी कठड्याजवळ येऊन म्हणाले, “भाईसाहब, गुस्ताख़ी माफ़। आप फूलों को रंग रहे हैं?”

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. “अच्छा, यानी निकाह पढ़वा रहे हैं।” तेव्हापासून रोज सकाळी ते विचारायचे, “आज कितने हुए?” आणि मी आकडा सांगायचो.

जुलैत एकदा माकडांची टोळी आली. आमच्या भागात माकडं कुणाची भीड ठेवत नाहीत. त्यातल्या म्होरक्यानं डाऊन लाईनवरची एक पिकलेली लाल मिरची तोडली, तोंडात टाकली आणि क्षणभर अगदी विचारवंतासारखा स्तब्ध बसला. मग त्यानं आमच्या टाकीचं झाकण काढलं आणि कमरेपर्यंत आत गेला. बाकीची मंडळी कठड्यावर बसून हे पाहत होती. त्यानंतर सबंध गल्लीत माकडं यायची, आमची गच्ची सोडून. टाकी मात्र मला धुवावी लागली.

त्याच महिन्यात आमच्या जेवणाची चढती भाजणी सुरू झाली. रोज रात्रीच्या जेवणाला मी चिमट्यानं एक चकती तिच्या पानात ठेवायचो, अंतर राखून. ती खायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. “ही उशिरा चढते, पण घसा धरून ठेवते.” “ही नुसतीच ओरडते, पाणी प्यालं की संपली.” “ही कानापर्यंत जाते, हिला जपा.” मी ते सगळं वहीत उतरवायचो. कुणाच्या शिऱ्यात काय चुकलंय हे फोनवरून सांगणारी बाई पुन्हा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली होती. ती दोन पोळ्या खायला लागली. मी खूश होतो, इतका की एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. चकतीची अर्धी मिरची झाली होती, अर्धीची अख्खी, आणि तिच्या लेखी अख्खी मिरची आता साधी मिरची झाली होती.

आणि मग गणपती आले.

आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पहिल्या दिवशी दुपारी इथल्या मराठी मंडळातली माणसं आणि शेजारी मिळून वीसेक पानं. मागच्या वर्षी तापानंतरच्या अशक्तपणामुळे बेत झाला नव्हता, त्यामुळे या वर्षी तिनं पदर खोचला. मोदक, वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पानाच्या डाव्या बाजूला ओल्या नारळाची हिरवी चटणी. सकाळी गच्चीवर गेली तेव्हा मी मखराला विजेची माळ बांधत होतो. येताना तिच्या हातात मिरच्या होत्या, हे मी पाहिलं होतं. मिरच्यांनी भरलेल्या घरात बाईच्या हातात मिरच्या दिसल्या तर त्यात काय विचारायचं!

नैवेद्याचं आपल्याकडे एक असतं: देवाला दाखवायच्या आधी कुणी चाखायचं नाही. एरवी तिनं हे कधी मोडलं नाही, आणि मोडलं असतं तरी उपयोग काय होता? चाखून कळणारी एकच व्यक्ती घरात होती, ती म्हणजे मी, आणि मला चटणी वाढायचीच नाही हा तर आमचा तह.

आरती झाली. पानं मांडली. लहान मुलांना मोदक आणि वरण-भात देऊन आधीच उठवलं होतं, हे आमचं नशीब. मोठी माणसं बसली. पहिली दोन-तीन मिनिटं नेहमीसारखी गडबड होती. मग हळूहळू बोलणं थांबत गेलं. मी भात वाढत होतो. विद्यापीठातले एक प्राध्यापक, ज्यांना एरवी थांबवावं लागतं, ते वाक्याच्या मधोमध थांबले आणि समोरच्या भिंतीकडे पाहायला लागले. मंडळाच्या अध्यक्षांच्या टकलावर घामाचे थेंब उभे राहिले. एक वहिनी उचक्या देत होत्या, तोंडावर पदर धरून. कुणी एक चकार शब्द काढला नाही. मराठी माणसं बोलली नाहीत, कारण तो प्रसाद होता आणि प्रसादाला नावं ठेवायची नसतात. लखनौची माणसं बोलली नाहीत, कारण यजमानाच्या अन्नात खोट काढणं त्यांच्या रक्तात नाही. दोन्ही संस्कृतींचा असा मिलाफ मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

बायको चटणीचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होती. “वाढू अजून? लीजिए ना भाईसाहब, आपने तो कुछ लिया ही नहीं।” बाकीच्यांनी पानावर आडवे हात धरले. वकीलसाहेबांनी नाही धरला. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते, नाकाचं टोक लाल झालं होतं, आणि तरी ते किंचित झुकून म्हणाले, “आपके हाथ से कौन मना करेगा, भाभीजी।” तिनं चांगली डावभर वाढली. त्यांनी ती सगळी खाल्ली. मी पाहत होतो आणि मला काही कळत नव्हतं. मला वाटलं, माणूस भाविक झालाय.

मोदक त्या दिवशी पहिल्यांदाच पुरले नाहीत. तुपाची बरणी रिकामी झाली. सगळे फार लवकर उठले आणि फार मनापासून नमस्कार करून गेले.

पत्रावळ्या उचलायला ती बसली. पहिली उचलली, दुसरी उचलली. तिसरीच्या खाली जमिनीवर हिरवा गोळा होता. पुढच्या पानात लिंबाच्या फोडीखाली दडवलेली चटणी. त्यापुढच्यात मोदकाच्या पारीत गुंडाळून कडेला सारलेली. ती एकेक पान उलटून बघत गेली, विसाव्या पानापर्यंत. मी दारात उभा होतो.

“किती मिरच्या घातल्या होत्यास?” मी विचारलं.

“चारच,” ती म्हणाली. “डाऊन लाईनच्या.” मग म्हणाली, “तुम्ही बोटभर तरी चाखायचीत ना हो.”

त्या चटणीत घालायला एका मिरचीचं टोकसुद्धा जास्त झालं असतं. मी ते बोललो नाही, पण माझा चेहरा बोलला असावा. ती तिथेच पत्रावळ्यांमध्ये बसून राहिली. “देवापुढे ठेवलं मी ते,” ती म्हणाली. “लोकांना आग्रह करकरून वाढलं.” आणि मग, “आता मी स्वयंपाक करणार नाही. जिला स्वतःला कळत नाही तिनं दुसऱ्याच्या पानात काही वाढू नये.”

मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. नाही निवळलं. दिवाळीच्या फराळासाठी फोन आले तेव्हा तिनं गुडघ्यांचं कारण सांगितलं. तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. माझ्यासाठीसुद्धा तिनं आमटी केली नाही. मी चिडलो, समजूत घातली, एकदा तर “मी रोज सगळं चाखून बघतो, चाचणी घेतल्याशिवाय एक भांडं बाहेर जाऊ देणार नाही” असा रीतसर प्रस्ताव मांडला. ती म्हणाली, “तुम्हाला काय कळतंय?” आणि त्यात चूक काहीच नव्हती. अखेर ऑक्टोबरपासून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. ती गच्चीवर ऊन खात मिरच्यांजवळ बसायची. जेवायला बोलावलं की यायची, मिरची खायची, बाकीचं निमूट गिळायची. एकतीस वर्षं माझ्या साध्या चहातही जिनं दहा चुका काढल्या, ती माझ्या भाजीबद्दल अवाक्षर काढत नव्हती. त्या चुका ऐकायला मी इतका आसुसेन, असं मला वाटलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका उन्हाच्या दुपारी वकीलसाहेब कठड्यापाशी आले. तिनं त्यांना गाठलंच. “सच बताइए, उस दिन चटनी कैसी थी?”

वकीलसाहेबांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “भाभीजी, झूठ बोलूँ तो गुनाह, सच बोलूँ तो बदतमीज़ी।”

“फिर भी।”

“फिर भी यह कि पहले निवाले पर हमने वालिद साहब को याद किया। दूसरे पर वालिदा को। उसके बाद जितने बुज़ुर्ग याद थे, सब हो गए, और चटनी बाक़ी थी।”

ती हसली. खूप हसली, खांद्यावरची शाल पडेपर्यंत. मग त्याच दमात रडायला लागली. वकीलसाहेब कावरेबावरे होऊन माफी मागू लागले. “नहीं, नहीं,” ती म्हणाली, “आपने दुबारा क्यों ली?” तो भला माणूस म्हणाला, “आपने इतने प्यार से दी थी।”

मला वाटलं, आता तरी ती उठून स्वयंपाकघरात जाईल. ती नाही गेली. संध्याकाळी खिचडी मीच टाकली.

फेब्रुवारी उजाडला. थंडीनं निम्मी झाडं काळवंडली होती, पण जाळीखाली अप लाईनवर थोड्या मिरच्या तग धरून होत्या. बाजारात मटार स्वस्त झाले होते. मी सकाळभर बसून किलोभर सोलले, बटाटा घालून भाजी टाकली, आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिच्याशी बोलून येऊन पानं घेतली. बायकोच्या पानात नेहमीसारखी लाल मिरची ठेवली, त्या मोसमातल्या उरलेल्यांतली सगळ्यात जबरी.

तिनं मिरचीला हात लावायच्या आधीच भाजीचा घास घेतला होता. चावता चावता ती थांबली. मला वाटलं, खडा लागला. तिनं मिरची उचलून पानाबाहेर ठेवली.

“काय झालं? जुनी आहे का? वरून ताजी आणतो,” मी म्हणालो आणि उठायला लागलो.

“बसा.” तिनं हात वर केला होता, गप्प राहा म्हणून. आणखी एक घास घेतला. सावकाश चावला. डोळे मिटून घेतले. मी जागचा हललो नाही.

“करपलीय,” ती म्हणाली.

“काय?”

“भाजी. खालून करपलीय तुमची. मटार करपलेत.” तिनं डोळे उघडले. “रोज अशीच करपवता का हो?”

रोज नाही, पण बरेचदा करपायची, हे खरं होतं, आणि ते तिला सांगायचं धाडस मी चार महिने केलं नव्हतं. तिनं कढई जवळ ओढली, तळाशी चिकटलेला काळा थर उलथन्यानं खरवडला आणि वाफेत नाक घातलं. मी हात पुढे केला, निदान चाखून तरी बघू म्हणून. तिनं कढई दुसऱ्या बाजूला सरकवली. करपलेले मटार एकेक करून, बोटांनी वेचून, तिनं कढई पुसून सगळे खाल्ले, आणि मला त्यातला एक दाणासुद्धा दिला नाही.